खुर्ची सांभाळा

रोज सकाळी तोंड धुऊन झालं की हैबती मास्तर प्रार्थनाघराची कडी काढायचे आणि चहाचा घोट घेण्याआधी खुर्ची पुसायचे. आधी पाठ, मग दोन्ही हात, मग बैठक, मग पाय. पुसायला फडकं नव्हतं, खांद्यावरचं उपरणं होतं. आणि त्या उपरण्यानं दुसरं काही पुसायचं नाही असा त्यांनी स्वतःलाच दंडक घातला होता. मागच्या डाव्या पायाला तार गुंडाळलेली होती. तिथं आलं की हात हलका व्हायचा, तान्ह्या मुलाच्या टाळूवरून फिरावा तसा. पुसून झालं की ते मागे सरत, मान किंचित लववीत आणि खुर्चीला पाठ न दाखवता दाराबाहेर येत.

मूर्तिपूजेचा एवढा कडवा वैरी भाटघरच्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

मास्तर मूळचे गुंजवण्याच्या वरचे, राजगडाच्या कुशीतल्या धनगरवाड्यातले. बाप रायबा शेरडं-गुरं राखायचा आणि देवही राखायचा. वाड्यावरच्या प्रत्येक दगडाशी त्याचं काही ना काही बोलणं झालेलं असे. मानमोडीचा ताप आला त्या साली रायबा गेला, त्याच्या मागोमाग आई गेली, आणि हैबतीला कोणीतरी घोंगडीत घालून खाली भाटघरला आणलं. नव्या धरणाच्या कामावर हजारो माणसं होती. त्यांच्यासाठी मिशनच्या एका साहेबानं तिथं दवाखान्याचं खोपट घातलं होतं. हैबती शुद्धीवर आला तेव्हा पहिल्यांदा त्याला दिसला तो वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला गोरा माणूस. तोंड उघडं, हातात औषधाची वाटी, आणि वाटीतलं औषध धोतराएवढ्या मोठ्या रुमालावर सांडलेलं. आपल्यासाठी कोणी जागलं, हे हैबतीच्या आयुष्यात तेव्हा पहिल्यांदाच घडत होतं. पुढे त्यांच्या हातून जे काही झालं, ते समजून घेताना ही सकाळ विसरून चालणार नाही. मूर्ती नेहमी भीतीतूनच घडते असं नाही. कधी कधी ती उपकारातूनही घडते, आणि तशी मूर्ती फोडायला जास्त कठीण जाते.

हैबतीनं बाप्तिस्मा घेतला, अक्षरं गिरवली, उपदेशक झाला. मग एके दिवशी वाड्यावरून आणलेले बापाचे देव फडक्यात बांधून तो वेळवंडी नदीच्या डोहाकडे निघाला. नवी नवरी बनाबाई मागून चालत होती. तिनं नवऱ्याचा देवही मुकाट्यानं घेतला होता आणि नवऱ्याचं देव सोडणंही. डोहाच्या काठावर ती एवढंच म्हणाली, “देव टाका खुशाल. फडकं तेवढं माघारी आना.”

मास्तरांनी फडक्यासकट टाकले.

धरण पुरं झालं, कामावरची माणसं पांगली, आणि साहेबालाही दुसरीकडे जायचा हुकूम आला. साहेबाला मराठी चांगलं येत असे, पण त्याचं प्रत्येक वाक्य भरलेल्या गाडीसारखं घाट चढत यायचं. निरोपाच्या दिवशी तो प्रार्थनाघरात सगळ्यांशी बोलला, डोळे पुसले, खुर्चीच्या हातावर हात टेकून उठला, आणि टांग्याकडे जाता जाता मागे वळून म्हणाला, “खुर्ची सांभाळा.” टांगा गेला. साहेब परत आला नाही.

“कलंडलं व्हतं ते उटताना,” त्याच दिवशी बनाबाई म्हणाली. “पाय मोडका हाय तिचा. कोन पडंल म्हून सांगत व्हते.”

“तू गप,” मास्तर म्हणाले. “शेवटचं वाक्य हाय ते साहेबांचं. मोडक्या पायावर कोन शेवटचं वाक्य बोलतं?”

“ज्याचा पाय मोडलाय त्यो.”

“तुला इंग्रजाचं मराठी काय कळतंय?”

झालं. खुर्ची सांभाळायची ठरली. ती प्रार्थनाघरात पुढे, मेजाच्या उजव्या अंगाला ठेवली गेली. तिच्यावर बसायचं नाही असा ठराव कोणी केला नाही. पण कोणी बसलंही नाही. भोर संस्थानातल्या माणसाला रिकाम्या गादीपुढे वाकायला शिकवावं लागत नाही. राजे पुण्याला असोत नाहीतर विलायतेला, दसऱ्याला गादीला मुजरा घालायचा तो घालायचाच. गादीवर कोणी बसलेलं नसलं म्हणजे मुजरा जास्तच मनापासून होतो, कारण मग समोरून काही हुकूम यायचं भय नसतं. तेव्हा प्रार्थनाघरात शिरताना पहिल्या रविवारी कोणाची तरी मान आपोआप खुर्चीकडे झुकली, दुसऱ्या रविवारी सगळ्यांच्या झुकल्या, आणि वर्षभरात असं झालं की खुर्चीपुढे न वाकणाऱ्या माणसाच्या विश्वासाबद्दल शंका येऊ लागली. गेनबा नावाचा एक शेतकरी मंडळीत होता. तो तर प्रार्थनेच्या वेळी एक डोळा मिटून दुसरा खुर्चीवर ठेवायचा.

“साहेब बघत्यात,” तो म्हणायचा.

मास्तर स्वतः आठवड्यातून एकदा ख्रिस्ती घरांतले कोनाडे तपासत. गेनबाच्या घरात पोळ्याचा मातीचा बैल सापडला तेव्हा त्यांनी तो लेकरांच्या हातून काढून घेतला.

“मास्तर, खेळनं हाय ते,” गेनबा म्हणाला.

“इस्रायली लोकांनीबी आदी वासरूच केलं व्हतं.”

“ते सोन्याचं व्हतं म्हनं. ह्यो चिखलाचा.”

“ऐपतीपरमानं करतो मानूस.”

बैल नदीत गेला. लेकरं दोन दिवस मास्तरांकडे बघून तोंड फिरवत राहिली.

एवढ्या सगळ्यात बनाबाईची मागणी एकच होती. नदीचं पाणी डोक्यावरून वाहून आणि लावणीच्या चिखलात वर्षं काढून तिचे गुडघे गेले होते. खाली बसलं की उठता येत नसे. उठवायला दोघीजणी लागत. प्रार्थनाघरात सगळी मंडळी जमिनीवर बसायची आणि बनाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. पहिलं गीत, शास्त्रपाठ, मास्तरांचा उपदेश, दुसरं गीत. मास्तरांचा उपदेश छोटा नसे. समोर, तिच्यापासून हातभर नाही तरी दहा पावलांवर, एक खुर्ची रिकामी असे.

“अवो,” एका रविवारी भाकरी वाढताना ती म्हणाली, “उपदेश व्हईस्तवर मला त्या खुर्चीवर टेकू द्या. पाय थरथर कापत्यात.”

मास्तरांचा घास हातात राहिला. “त्या खुर्चीवर?”

“दुसरी हाय का हितं?”

“साहेबांनी माझ्या भरवशावर ठेवलीय ती.”

“आन मला कुणाच्या भरवशावर ठेवलंय?”

मास्तरांनी घास तोंडात घातला. ज्या प्रश्नाला उत्तर नसे त्याला ते घास घालत. पुढच्या रविवारपासून बनाबाईनं प्रार्थनाघरात येणं सोडलं. ती घराच्या ओट्यावर, पाय सोडून, तिथूनच गीत म्हणायची. तिचा आवाज मोठा होता. भिंतीपलीकडून तो प्रार्थनाघरात स्पष्ट ऐकू यायचा, आणि तो ऐकू आला की मास्तर उपदेश थोडा आवरता घ्यायचे. पण खुर्ची दिली नाही. लोक विचारत, मास्तरीणबाई येत न्हाईत? मास्तर म्हणत, गुडगं. जसं काही गुडघ्यांनीच विश्वास सोडला होता.

अशी काही वर्षं गेली. मग नगरकडून नवे पाद्री आले, आनंदराव. ते भोरला राहायचे आणि महिन्यातून एकदा सायकलवरून भाटघरला यायचे. पहिल्या खेपेला ते घामाघूम होऊन पोचले आणि तसेच उपदेशाला उभे राहिले. विषय मूर्तिपूजेचा होता. मास्तरांना फार बरं वाटलं. त्यांनी गेनबाकडे एक कटाक्ष टाकला.

आनंदरावांनी सोन्याचं वासरू घेतलं नाही. त्यांनी पितळेचा साप घेतला. रानात लोकांना साप चावू लागले तेव्हा देवानंच मोशेला पितळेचा साप करायला सांगितला. त्याच्याकडे पाहिलं ते वाचले. साप खरा उपयोगाचा, देवाच्या सांगण्यावरून केलेला. पण लोकांनी तो जपून ठेवला. पिढ्या गेल्या आणि ते त्याच्यापुढे धूप जाळू लागले. शेवटी हिज्कीया राजानं तो फोडला.

“वाईट वस्तूची मूर्ती झाली तर ओळखता येते,” आनंदराव म्हणाले. “चांगल्या वस्तूची झाली की कळतच नाही. म्हणून म्हातारा योहान आपल्या माणसांना शेवटी एवढंच सांगतो. मुलांनो, मूर्तींपासून स्वतःला सांभाळा. सांभाळा म्हणजे जपा नव्हे बरं का. सांभाळा म्हणजे जरा बघून पाऊल टाका.”

मास्तरांनी मान डोलावली. त्यांच्या मनात मातीचा बैल होता.

उपदेश संपला. आनंदरावांनी रुमालानं मान पुसली, मागे पाहिलं, खुर्ची दिसली, आणि ते बसले.

मंडळीचा श्वास अडकला, तो त्यांना ऐकूही आला असेल. पण तेवढ्यात मागचा डावा पाय तारेसकट निसटला आणि पाद्रीसाहेब खुर्चीसह मागे गेले. दोन्ही पाय वर. कोपराला खरचटलं, बाकी काही झालं नाही. ते खाली पडल्या पडल्या हसू लागले. बाकी कोणी हसलं नाही.

“बसू दिलं न्हाई,” गेनबा हलक्या आवाजात म्हणाला.

निघताना आनंदराव सायकलवर टांग टाकत म्हणाले, “मास्तर, ती खुर्ची एक तर दुरुस्त करा, नाहीतर चुलीत घाला.” मास्तरांनी तिसरी वाट धरली. तार पुन्हा गुंडाळली, या वेळी दुहेरी.

बातमी पाद्र्याच्या सायकलीच्या आधी भोरच्या बाजारात पोचली. धरणावरच्या किरिस्तावांची खुर्ची जागृत आहे. नव्या पाद्र्यानं अपमान केला, उचलून आपटला. उचलून आपटल्याचं पाहिलेली माणसं बाजारात प्रार्थनाघरातल्या मंडळीपेक्षा जास्त निघाली. मास्तरांनी ते ऐकलं. खोटं आहे असं ते म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता. आपण सांभाळलेल्या वस्तूला लोकांनी मोठं म्हटलं की कोणाला आवडत नाही? त्या आठवड्यात ते खुर्चीवरून उपरणं दोनदा फिरवू लागले.

मग साळूबाई आली. ती शेजारच्या वाडीतल्या शेतकऱ्याची बायको. तिची गाभण म्हैस धरणाच्या काठच्या रानात हरवली होती आणि चौथ्या दिवशी आपल्या पायानं गोठ्यात आली. सकाळी मास्तर कडी काढायला गेले तर साळूबाई आधीच आत होती. दाराला कडीच होती, कुलूप नव्हतं. खुर्चीच्या पाठीवर हळद-कुंकवाची बोटं उठलेली, बैठकीवर झेंडूचं फूल, पुढे फोडलेला नारळ.

“साळूबाई, हे काय केलंस?”

“नवस बोलले व्हते म्या, मास्तर. म्हस गावली तर खुर्चीबाबाला नारळ.”

“अगं, ही खुर्ची हाय. लाकडाची.”

“आन आमचा म्हसोबा दगुड हाय. दिसतंयच की.”

“आमी मूर्ती पुजत न्हाई. आमचा देव अदृश्य हाय.”

“व्हय, म्हून तर रिकामी ठेवलीय न्हवं? पटलं मला ते.” साळूबाईनं कौतुकानं मास्तरांकडे पाहिलं. “खरं सांगू का, तुमचं सोवळं आमच्यापरीस कडक. रोज सकाळच्याला उपरण्यानं पुसता. बायकोला शिवू देत न्हाई. जाताना पाठ दावत न्हाई. आमी तर देवळातनं सरळ पाठ करून जातो.”

ती गेली, जाताना खुर्चीला पाठ न दाखवता गेली. मास्तरांकडून शिकून.

मास्तरांच्या खांद्यावर उपरणं होतं. कुंकू पुसायला त्यांनी ते हातात घेतलं आणि हात खुर्चीपर्यंत जाऊन थांबला. उपरण्यानं पुसलं तर ती साळूबाईची पूजा पुरी होणार होती. न पुसलं तर कुंकू राहणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना त्या खुर्चीला हात कसा लावावा ते कळेना. शेवटी ते नारळाची शकलं घेऊन घरी आले आणि चुलीपाशी उभे राहिले.

बनाबाईनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग नारळाकडे. काय झालं ते त्यांनी सांगितलं. तुटक तुटक, पण सगळं सांगितलं. बायकोला शिवू न देण्याचंही. ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही.

“द्या हिकडं,” ती म्हणाली. “आमटीत घालते.”

“बने,” मास्तर म्हणाले, “साहेब खरंच कलंडलं व्हतं का गं?”

“म्या त्येंच्या मागंच उबी व्हते. माझ्या खांद्याला धरलं त्येंनी.”

मास्तर सोनबा सुताराकडे गेले. सोनबा आला, खुर्ची पाहिली आणि कुंकू पाहून किकरं-हातोडी पुन्हा पिशवीत घालू लागला. “जागृत हाय म्हनत्यात. हात झडला तर पोरंबाळं कोन बघंल?” तेव्हा मास्तरांनी खुर्ची स्वतः उचलली, बाहेर उन्हात आणली आणि उलटी केली. खाली कोळ्याचं जाळं होतं आणि वेताच्या गाठीत अडकलेला बिस्किटाचा काळा पडलेला तुकडा. साहेब खुर्चीत बसून बिस्किटं खायचा. मास्तरांनी तो तुकडा बोटावर घेतला, पाहिला, आणि बोट झटकलं. मग तारेचे वेढे सोडले. जुनी तार गंजून लाकडात रुतली होती. ती निघताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तार बोटाला लागली म्हणून आलं असं त्यांनी सोनबाला सांगितलं. सोनबानं मग विचारलं नाही. त्यानं पायात नवी खुंटी ठोकली आणि खुर्ची सरळ करून दोन्ही हातांनी दाबून पाहिली. कुंकू बनाबाईनं पाण्याच्या तांब्यानं आणि भांडी घासायच्या काथ्यानं काढलं.

“आता बस,” मास्तर तिला म्हणाले.

“म्या न्हाई बसायची.”

“का? इतकी वर्सं मागत व्हतीस.”

“तवा गुडगं दुकत व्हतं म्हून मागत व्हते. आता तुमी देव काडून मला बसवाया निगालाय. तुमी बसा आदी.”

मास्तर घुटमळले. डोहात देव टाकताना त्यांचा हात कापला नव्हता, कारण ते देव बापाचे होते. बापाचे देव टाकायला फार धीर लागत नाही. आपला आपल्याला टाकावा लागतो तेव्हा कळतं. ते खुर्चीच्या अगदी कडेला, नव्या जावयासारखे, अर्धे बसले.

“सगळं टेका.”

“टेकलंय.”

“पाठ टेका.”

मास्तरांनी पाठ टेकली. खुर्ची करकरली. काही झालं नाही. उन्हात एक कोंबडी त्यांच्या पायाशी येऊन टोचत राहिली. सोनबा एवढा वेळ श्वास धरून होता. त्यानं तो सोडला आणि मजुरीचं भात उद्या न्यायला येतो म्हणून निघून गेला.

त्या रविवारी बनाबाई प्रार्थनाघरात पुढे, मेजाच्या उजव्या अंगाला बसली. मास्तरांनी उपदेशात पितळेचा साप घेतला आणि गेनबाकडे पाहिलं नाही. सवय मात्र अशी जात नाही. मंडळी आत येताना माना झुकवतच आली, आणि आता त्या झुकलेल्या माना बनाबाईच्या वाट्याला आल्या. तिनं दोन-तीन रविवार सोसलं. मग एकदा गेनबा वाकला तसं ती सगळ्यांसमोर म्हणाली, “गेनबा भावजी, पाया पडता तर जरा गुडगं चेपा.” तेव्हापासून माना सरळ झाल्या. पुढे ती खुर्ची कोणाच्या बाळंतिणीला, कोणाच्या दमेकरी म्हाताऱ्याला उचलून नेली जाऊ लागली, आणि रविवारी वेळेवर परत आली नाही म्हणून मास्तर कुरकुरू लागले. वस्तूला वस्तूसारखं वागवायचं म्हणजे कुरकुरही तिच्यापुरतीच.

मास्तर सुधारले असं कोणी म्हणू नये. कोनाडे ते पुढेही तपासत राहिले. पोळ्याला मातीचे बैल दिसले की नाक मुरडत; फक्त नदीत टाकत नसत. मूर्ती कोणती, हे ठरवताना ते आता थोडं थांबायचे, आणि त्या थांबण्यात समोरच्याला बैल लपवायला वेळ मिळे. माणसानं एवढं केलं तरी शेजाऱ्यांना पुष्कळ होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या शेवटच्या वर्षांत बनाबाईचे गुडघे पुरते गेले. चूल मास्तरांकडे आली. भाटघरात पुरुषानं चूल पेटवणं ही बघण्यासारखी गोष्ट होती, आणि लोक ती बघायला येत. गेनबा एकदा ओट्यावर टेकून म्हणाला, “मास्तर, आता काय बायको पुजता व्हय?”

“ही उलटून बोलती रं,” मास्तर फुंकणी बाजूला ठेवत म्हणाले. “मूर्ती असती तर गप ऱ्हायली असती.”

त्यातल्याच एका माघात मास्तरांना खोकला धरला होता. भोरच्या दवाखान्यात चला असं आनंदराव दोनदा सांगून गेले. मास्तर उद्यावर टाकत राहिले. एका दुपारी बनाबाई उन्हात पाय पसरून तांदूळ निवडत होती, आत भात रटरटत होता, आणि झाकण उडायला लागलं तशी ती सवयीनं हात टेकून उठू लागली. मास्तर भिंतीशी बसले होते, ते उठले, आत गेले, भात उतरवला, आणि चुलीपाशीच टेकले ते पुन्हा उठले नाहीत. आत जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, “तू बस गं. भात म्या उतरवतो.”